शेतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला प्रश्न टाकण्याआधी

द्राक्षाच्या फळछाटणीला, म्हणजे फळासाठी केलेल्या छाटणीला, ३८ दिवस झाले होते. बागेच्या वरच्या अंगाला सहा-सात ओळींत पानं पिवळी पडायला लागली. मी एका पानाचा फोटो काढला आणि द्राक्षाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हे काय आहे? काय मारू?"

तासाभरात अकरा उत्तरं आली. तिघांनी बुरशीनाशकं सांगितली, दोघांनी मॅग्नेशियम सांगितलं, एकाने नत्र कमी पडलंय म्हटलं, एकाने व्हायरस आहे, ओळ काढून टाका असं लिहिलं. बाकीच्यांनी हात जोडल्याची चित्रं आणि "आमच्याकडेही असंच आहे" एवढंच. मी त्यातल्या दोन फवारण्या केल्या. आठ दिवस गेले, पैसे गेले, पिवळेपणा होता तसाच.

मग कवठेमहांकाळकडच्या एका अण्णांनी विचारलं, "पिवळी पानं शेंड्याकडची आहेत की बुडाकडची? शिरा हिरव्या आहेत का? आणि त्या ओळींत चुनखडी आहे का?" पानं शेंड्याकडची होती, शिरा हिरव्या होत्या, आणि वरच्या अंगाला वीतभर मातीखाली पांढरी चुनखडी लागते हे मला वडिलांच्या वेळेपासून माहीत होतं. लोहाची कमतरता होती. मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, म्हणून बुडाकडची पानं आधी पिवळी होतात. लोह मात्र एकदा पानात बसलं की तिथून सहसा हलत नाही, म्हणून उपाशी राहतो तो शेंडा.

त्या अकरा जणांनी मला फसवलं नव्हतं. त्यांना एक पान दिसलं होतं. झाड, ओळ, माती यातलं मी काहीच दाखवलं नव्हतं. ग्रुपवर नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगतो: उत्तर देणारा तुमच्या बांधावर येऊ शकत नाही, तेव्हा प्रश्नातून त्याला बांधावर आणून उभं करायचं. बाकी सगळं शिकायला सोपं आहे.

आधी ग्रुप कुणाचा आहे ते बघा

लिंक आली की लगेच आत शिरू नका. ग्रुपचं वर्णन वाचा, ॲडमिन कोण आहे ते बघा. शेतीचे ग्रुप साधारण चार प्रकारचे असतात. शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांसाठी चालवलेला एका पिकाचा ग्रुप. कृषी विज्ञान केंद्र, कृषी विभाग किंवा विद्यापीठाच्या तज्ज्ञांचा ग्रुप. औषधाच्या दुकानाचा किंवा कंपनीचा ग्रुप. आणि नुसत्या बाजारभावाचा.

दुकानाच्या ग्रुपला मी वाईट म्हणणार नाही. आमच्याकडचे काही दुकानदार वीस-वीस वर्षं बागा बघतात आणि त्यांची नजर तयार आहे. पण तिथे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बाटलीत असतं. "आता काही मारू नका, पाणी कमी करा" हे उत्तर तिथे क्वचितच मिळतं, आणि कित्येकदा खरं उत्तर तेच असतं.

पीक एक आणि भाग जवळचा, असा ग्रुप सगळ्यात उपयोगी. द्राक्षाचंच बघा. नाशिक जिल्ह्यात बागलाणकडे आगाप छाटणी जून-जुलैपासून सुरू होते, आमच्या तासगाव भागात बहुतेक बागा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटतात. तिकडे मणी फुगत असताना आमच्याकडे डोळे फुटत असतात. डाळिंबात तर आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार धरणारे तिघे एकाच ग्रुपवर असतील तर तिघांचा हंगाम वेगळा. त्यामुळे "आज सगळ्यांनी हे मारा" असा निरोप आला की तो कुणासाठी आहे हे आधी विचारा.

सुरुवातीला दोन ग्रुप पुरे: एक शेतकऱ्यांचा, एक तज्ज्ञांचा. मी एके काळी चौदा ग्रुपवर होतो आणि एकही नीट वाचत नव्हतो.

व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम यांतला फरकही माहीत असू द्या. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात आणि तुम्ही येण्याआधीचं बोलणं बहुतेक वेळा तुम्हाला दिसत नाही. टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये २ लाखांपर्यंत माणसं असू शकतात, जुने संदेश बहुधा वाचता येतात आणि आपला फोन नंबर लपवता येतो. मागच्या हंगामातले प्रश्न धुंडाळायचे असतील तर टेलिग्राम बरं. पण गावाकडची माणसं व्हॉट्सॲपवर भेटतात, म्हणून पुढचं सगळं त्यालाच धरून लिहितो.

आत आल्यावर फोनमध्ये करायच्या गोष्टी

पाच मिनिटांचं काम आहे. ग्रुप म्यूट करा. आठ तास, एक आठवडा किंवा कायमचा असे पर्याय येतात. फवारणी चालू असताना खिशात फोन वाजत राहिला तर लक्ष जातं. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरायची सोय बंद करा, नाहीतर महिन्याभरात फोन भरतो. सेटिंगमधल्या प्रायव्हसीत "ग्रुपमध्ये मला कोण जोडू शकतं" यापुढे फक्त आपल्या ओळखीचे असं निवडा.

ग्रुपमध्ये तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो हे धरून चाला. बायकोचा, मुलीचा फोटो डीपीला असेल तर शेतीच्या ग्रुपसाठी तो बदला. नाव मात्र खरं ठेवा आणि जमलं तर त्यापुढे गाव, तालुका, पीक लिहा. "किंग", "राजे", "सिंगल" अशा नावाच्या माणसाला औषधाचं प्रमाण सांगायला जाणकार माणूस कचरतो.

इथे एक मनातली गोष्ट सांगतो. आमच्या भागात विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), फळांची निवड ही कामं मुख्यतः बायका करतात. मण्यावरचा पहिला डाग त्यांनाच दिसतो. पण ग्रुपवर नंबर असतो नवऱ्याचा. घरातल्या ताईंचा नंबरही ग्रुपवर घाला. आमच्या ग्रुपवर गेल्या काही वर्षांत दहा-बारा ताई आल्या आणि डागांचे फोटो चार-चार दिवस आधी यायला लागले. त्यांना कुणी वैयक्तिक संदेश पाठवून त्रास दिला तर तो संदेश ॲडमिनला दाखवा. चांगला ॲडमिन अशा माणसाला त्याच दिवशी बाहेर काढतो. काढत नसेल तर तो ग्रुप सोडा. हल्ली ग्रुप सोडल्याचं सगळ्यांना कळत नाही, फक्त ॲडमिनला कळतं.

पहिला आठवडा वाचायचा

अगदीच बाग जळत नसेल तर पहिले सात-आठ दिवस काही विचारू नका, वाचा. कोण काय लिहितं यापेक्षा कोण आधी उलट विचारतं ते बघा. "वाण कुठलं?", "पाऊस झाला का?", "आधी काय मारलंय?" असं विचारणारी चार माणसं प्रत्येक ग्रुपवर असतात. फोटो पडल्यावर अर्ध्या मिनिटात औषधाचं नाव लिहिणारी चाळीस असतात. त्या चौघांची नावं वहीत लिहून ठेवा.

ग्रुपमध्ये शोधायची सोय असते, ती वापरा. पण एकच शब्द टाकून थांबू नका. द्राक्षाच्या एकाच बुरशीरोगासाठी डाऊनी, डाउनी, डावणी, केवडा, आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेलंही शोधा, कारण मंडळी बोलतात एक आणि टाइप करतात दहा तऱ्हांनी. कामाचं उत्तर सापडलं की त्यावर तारा लावून ठेवा, म्हणजे पुढच्या हंगामात हाताशी राहील.

त्यानंतर एकदाच ओळख करून द्या. एवढी पुरे:

"राम राम मंडळी. तासगाव तालुक्यातून. दीड एकर थॉमसन, सहावं वर्ष, डॉगरिज खुंट, मध्यम काळी जमीन, विहीर आणि ठिबक. मागच्या वर्षी डाऊनीने नुकसान झालं, ते शिकायला आलोय."

या चार ओळी पुढे तुमच्या प्रत्येक प्रश्नाच्या कामी येतात. वयाने मोठ्यांना अण्णा, काका, बरोबरीच्यांना दादा, भाऊ, बायकांना ताई, तज्ज्ञांना सर किंवा मॅडम. एवढं सांभाळलं की कुणी परका धरत नाही.

प्रश्न कसा मांडायचा

हा भाग सावकाश वाचा.

फोटोपासून सुरुवात करू. एक फोटो कधीच पुरत नाही, निदान पाच हवेत. पानाची वरची बाजू. त्याच पानाची खालची बाजू. पूर्ण झाड, म्हणजे त्रास शेंड्याला आहे की बुडाला ते दिसेल. शेजारचं निरोगी पान, तुलनेसाठी. आणि लांबून पूर्ण ओळ किंवा प्लॉट.

खालची बाजू का? डाऊनीत पानाच्या वर तेलकट पिवळे डाग दिसतात आणि पांढरी बुरशी उगवते ती खालच्या बाजूने, सकाळी दमट हवेत जास्त ठळक. भुरी राखेसारखी, ती पानाच्या वरही दिसते आणि मण्यांवरही. दोन्हींची औषधं वेगळी. वरच्या बाजूच्या एका फोटोवर कुणी छातीठोक सांगत असेल तर तो अंदाज आहे असं समजा.

पूर्ण प्लॉटचा फोटो का, तर त्रासाची मांडणी बोलते. एकच अख्खी ओळ सुकत असेल तर आधी ठिबकची नळी तपासा. जागोजागी पुंजके असतील तर गोष्ट जमिनीत असू शकते: सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक कृमी, किंवा मर, म्हणजे झाड वाळवणारा रोग. फक्त शेजारच्या बांधाकडच्या दोन-तीन ओळींत पानं आक्रसून पंख्यासारखी झाली असतील तर शेजाऱ्याने ऊसात किंवा ज्वारीत २,४-डी तणनाशक मारलं होतं का हे विचारा. द्राक्ष आणि कापूस या दोन्ही पिकांना त्याचा वाराही सोसत नाही, आणि ती पानं बघून ग्रुपवर हमखास "व्हायरस" असं उत्तर येतं.

डाळिंबवाल्यांसाठी वेगळं सांगतो. "झाड सुकतंय" म्हणून वाळक्या झाडाचा फोटो टाकला तर कुणालाही काही सांगता येणार नाही. मर बुरशीने येते, मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी असल्या तरी झाड खंगतं, आणि खोडाला टाचणीएवढी छिद्रं पाडणाऱ्या भुंगेऱ्यानेही झाड वाळतं. तेव्हा थोडी मुळं उकरून त्यांचा फोटो घ्या. खोड बुडाजवळ नीट बघा, छिद्रं असतील तर जवळून फोटो. एखादं झाड पुरतं गेलंच असेल तर त्याचं खोड आडवं कापून आतली लाकडाची बाजू दाखवा, तिथे काळपट-तपकिरी पट्टे आहेत का ते जाणकाराला हवं असतं.

फोटो सकाळच्या उजेडात काढा, भर दुपारच्या उन्हात पान पांढरं दिसतं. पानामागे तळहात किंवा कोरा कागद धरला की कॅमेरा नीट धरतो. व्हॉट्सॲप पाठवताना फोटो दाबून लहान करतं, म्हणून वरचं एचडीचं बटण दाबा. फारच बारीक डाग असतील तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ आकारात जातो.

आता मजकूर. मी आज तोच प्रश्न टाकला असता तर असा टाकला असता:

"तासगाव. थॉमसन, डॉगरिज खुंट, ६ वर्षं, १.५ एकर. फळछाटणीला ३८ दिवस. वरच्या ६-७ ओळींत शेंड्याकडची पानं पिवळी, शिरा हिरव्या. बुडाकडची पानं चांगली. त्या ओळींत चुनखडी लागते, खालच्या अंगाला नाही, तिथे बाग हिरवी आहे. ठिबक तपासलं, पाणी सगळीकडे सारखं. गेल्या १० दिवसांत पाऊस नाही. फवारण्या: चार दिवसांपूर्वी मॅन्कोझेब ७५ टक्के, २ ग्रॅम प्रतिलिटर. माल स्थानिक बाजारासाठी. फोटो ५ जोडले आहेत. ही लोहाची कमतरता असू शकते का, की आणखी काही तपासू?"

शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलंय. "काय मारू" विचारलं की औषधाचं नाव येतं. "काय तपासू" विचारलं की समोरचाही विचार करतो.

आधी मारलेल्या औषधांबद्दल एक सवय लावून घ्या. दुकानातलं नाव न लिहिता डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेला घटक आणि त्याची टक्केवारी लिहा. एकाच घटकाची वीस नावं बाजारात असतात. नावं वेगळी म्हणून तोच घटक पाठोपाठ तीनदा मारलेले लोक मी बघितलेत. असं करत राहिलं की बुरशी किंवा कीड त्या औषधाला दाद देईनाशी होते.

आणि प्रमाण. ग्रुपवरचे सगळ्यात महागडे गोंधळ इथे होतात. कुणी लिहितं "३० मिली". कशाला ३० मिली? पाठीवरचा पंप १५ लिटरचाही असतो, २० लिटरचाही. एखादा २०० लिटरच्या ड्रमचं बोलत असतो, एखादा एकराचं. १५ लिटरच्या पंपाला ३० मिली म्हणजे लिटरला २ मिली, आणि २०० लिटरला ३० मिली म्हणजे लिटरला ०.१५ मिली. तेरा पटींचा फरक. लिहिताना नेहमी "प्रतिलिटर" लिहा, आणि दुसऱ्याने लिहिलं नसेल तर विचारल्याशिवाय झाकण उघडू नका. बोर्डोचंही तसंच. १ टक्का म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. "बोर्डो मारा" एवढ्यावर कोवळ्या फुटीवर १ टक्का मारला तर ती करपू शकते.

बाजारभाव विचारतानाही हेच. लासलगावचा कांदा क्विंटलवर बोलला जातो, टोमॅटो २० किलोच्या कॅरेटवर, आमच्याकडची द्राक्षं ४ किलोच्या पेटीवर. बाजार, तारीख, प्रत आणि माप लिहिलं नाही तर आकड्याला अर्थ उरत नाही.

उत्तरं आल्यावर

लगेच पंप भरू नका. ज्याने औषध सांगितलं त्याला दोन गोष्टी विचारा: तुमच्या बागेत कधी मारलं होतं, आणि काय फरक पडला. "ऐकलंय" असं उत्तर आलं तर ते बाजूला ठेवा. आवाजी निरोपात प्रमाण सांगितलं असेल तर लिहून मागा. वाऱ्यात "पंधरा"चं "पन्नास" ऐकू येतं.

मग डबा किंवा त्यासोबतचं पत्रक वाचा. त्या पिकासाठी आणि त्या रोग-किडीसाठी औषधाला मंजुरी आहे का हे त्यावर असतं, यालाच मंडळी लेबल क्लेम म्हणतात. काढणीपूर्व किती दिवस फवारणी बंद हवी तेही असतं. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग बघा. लाल सर्वात विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. ग्रुपवरचा कितीही मोठा माणूस असला तरी डब्यावरच्या मजकुरापेक्षा मोठा नाही.

निर्यातीचा माल असेल तर हे दुप्पट लागू. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो, त्याचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडल्यामुळे युरोपात आपली द्राक्षं अडली. वाढ रोखायला ते सर्रास वापरलं जात होतं. अनेक बागायतदारांना त्या एका हंगामाने काही वर्षं मागे नेलं. म्हणून प्रश्नात "माल कुठे जाणार" हे लिहायचं, आणि सांगणाऱ्याने ते विचारलं नसेल तर आपणच आठवण करून द्यायची.

दोघांनी दोन औषधं सांगितली म्हणून ती एकाच टाकीत कालवू नका. बोर्डोत तर दुसरं काही मिसळायचंच नाही. नवं काही असेल तर आधी पाच-दहा झाडांवर मारून दोन-तीन दिवस थांबा.

फवारताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि वारा पाठीमागून येईल असं उभं राहायचं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. ती घरं आपल्यासारखीच होती. फवारल्यावर कुणाला मळमळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ग्रुपवर उपाय विचारत बसू नका. औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

ग्रुपवर एकमत होत नसेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पान, मूळ, माती घेऊन जाता येतं. द्राक्षासाठी पुण्याजवळ मांजरीला आणि डाळिंबासाठी सोलापूरला राष्ट्रीय संशोधन केंद्रं आहेत, त्यांचे हंगामी सल्ले वाचायची सवय लावा. माती आणि देठ तपासणीचा कागद हातात असला की ग्रुपवरची निम्मी वादावादी संपते.

वागण्याच्या थोड्या गोष्टी

ज्याला उत्तर देताय त्याच्या संदेशावर बोट सरकवून उत्तर द्या, नाहीतर कोण कुणाशी बोलतंय ते दहा मिनिटांत कळेनासं होतं. शुभ सकाळ, वाढदिवस, राजकारण दुसरीकडे. तज्ज्ञ सरांना रात्री दहाला फोन लावू नका. उत्तर मिळाल्यावर प्रश्न पुसून टाकू नका. तो पुढच्या माणसाचा प्रश्न असतो. आणि एखाद्याने चुकीचा सल्ला दिला असं वाटलं तर "माझ्या बागेत असं घडलं" असं लिहा, त्याला खोटं पाडायला जाऊ नका. सांगणारी माणसं गप्प झाली की ग्रुपवर जाहिराती उरतात.

फॉरवर्ड आणि फसवणूक

२०२० च्या टाळेबंदीत पुणे, नगर, नाशिक भागांत टोमॅटोची फळं चट्टेपट्टे पडून वेडीवाकडी रंगली, लोक त्याला "तिरंगा" म्हणायला लागले. तो वनस्पतींचा विषाणू होता. झाडाचा विषाणू माणसाला होत नाही. पण करोनाच्या भीतीत टोमॅटो खाणंच धोक्याचं असल्याचे निरोप फिरले आणि ज्यांची फळं चांगली होती त्यांनाही त्याची झळ बसली. तो निरोप पुढे ढकलणारे बरेच जण स्वतः शेतकरी होते, हे मला अजून लागतं. संदेशावर दोन बाणांची खूण असेल तर तो खूप हातांतून फिरून आलाय. शेतमालाबद्दलचा असा निरोप पुढे पाठवण्याआधी कृषी अधिकाऱ्याला एक फोन करा.

पीएम किसानच्या किंवा अनुदानाच्या नावाने एखादी फाइल आली आणि तिच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती ओळखीच्या नंबरवरून आली असली तरी उघडू नका. ती यादी नसते, फोनचा ताबा घेणारं ॲप असतं, आणि ज्याने पाठवली त्याचाच फोन आधी गेलेला असतो. आधार, बँक पासबुक, ओटीपी ग्रुपवर कधीच नाही. सातबाराही नाही. ओळख नसलेला व्यापारी ग्रुपवर चढा भाव देत असेल तर त्याने मागच्या वर्षी कुणाचा माल उचलला ते विचारा, त्या शेतकऱ्याशी बोला, आणि माल रोखीवरच द्या. पैसे गेलेच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

निकाल कळवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. प्रश्न विचारतात, उत्तर घेतात आणि पुढचा त्रास होईपर्यंत दिसत नाहीत. मग सल्ला बरोबर होता की चूक हे सांगणाऱ्यालाही कळत नाही, आणि चुकीचा सल्ला पाच वर्षं फिरत राहतो.

फवारणीनंतर १०-१२ दिवसांनी, त्याच झाडाचे, त्याच जागेवरून फोटो काढा आणि मूळ प्रश्नाला जोडून टाका. काय केलं, किती केलं, काय झालं. उपयोग झाला नसेल तर तेही, अगदी जरूर. मी तेव्हा अण्णांच्या संदेशाखाली असं लिहिलं होतं:

"अण्णा, वरच्या ओळींत लोहाचं ईडीडीएचए चिलेट ठिबकमधून दिलं, चुनखडीत तेच टिकतं असं केंद्रातही सांगितलं. फेरसची एक फवारणी केली. आज १२ दिवस. नवी तीन पानं हिरवी आलीत. आधीची पिवळी पानं पूर्ण सुधारली नाहीत. पहिल्या दोन फवारण्या वाया गेल्या. फोटो जोडलेत."

पुढच्या वर्षी जतकडच्या एका मुलाने ग्रुपवर "पिवळी" शब्द शोधला आणि त्याला हा संदेश सापडला. त्याने त्याखाली लिहिलं, "दादा, आमचाही शेंडाच पिवळा आहे, शिरा हिरव्या. पण आमच्या रानात चुनखडी नाही. मग?"

अण्णांनी विचारलं, "पाणी किती देताय?"